सहाजणांना मुभा

फाटकावरची पाटी मेंढपाळ इव्हॉरने काल काढली,
‘परत फिरा’ म्हणणारी.
खिळे राहिलेत.

सहाच जणांना मुभा, म्हणून सहाजण,
सहा गाड्यांतून लानबेरिसच्या खिंडीत.
थर्मास ज्याचा त्याचा.
पडद्यावर गाठीभेटी झाल्या होत्या भरपूर,
तरी नेरिसचे केस इतके पांढरे झालेत
ते तिथं दिसलं नव्हतं.
कुणी काही बोललं नाही.
गेथिनचं पोट हार्नेसमध्ये मावेना
तेव्हा मात्र सगळे हसलो,
इतके, की मेंढ्यांनी माना वर केल्या.

वाट नेच्यांनी बुजवलीय.
कातळ ओला, गार, आपल्याच नादात.
त्याला आमची आठवण आली असेल
असं वाटून घ्यायचं वय गेलं.

क्लबच्या वहीत सातवं नाव आहे, एमलिन.
त्याचा दोर नेरिसनं आणलाय.
चढायला चालणार नाही, विटलाय,
तिलाही ठाऊक आहे.
पिशवीतून बाहेर काढला नाही.

मी वर जाणार, ती खालून दोर सांभाळणार.
त्याआधी नियम आमचा, साथीपेक्षा जुना:
एकमेकांची गाठ तपासायची.
हातानं.

ती दोन मीटरवर थांबली.
मग आली.
सॅनिटायझरचा वास.
कमरेपाशी गाठ दोनदा ओढून पाहिली,
“घट्ट आहे,” म्हणाली,
आणि बोटं तिथंच राहिली जराशी.

“चढ आता.”

हात खडूनं पांढरे.
पहिली पकड आठवत होती तिथं नव्हती.
एक वीत डावीकडे होती.