तो येथे नाही

चिलोए बेटावरच्या लाकडी देवळात
होडीच्या फळ्यांची कबर.
येशू झालेला बेलार्मिनो
रात्रभर जाळी ओढून थेट आत शिरला
आणि आडवा झाला.

पहाटे तिघी बाया सुगंधी तेल घेऊन आल्या.
खाटकाची पोर, देवदूत, एक पंख तिरका,
ठणकावून म्हणाली,
"तो येथे नाही!"
आतून घोरणं.
"तो येथे नाही, तो उठला आहे!"
घोरणं आणखी वर चढलं.

पाद्रीबाबांनी ओठ चावले.
मागच्या बाकावर एउदोसिया,
मुलगा समुद्रात गेल्यापासून काळ्या शालीतली,
आधी खोकल्यासारखी,
मग पोट धरून हसली.
मग सगळी बाकं.

केस विस्कटलेला, मासळीच्या वासाचा तो
फळी ढकलून बाहेर आला.
"उशीर झाला का?"

"नाही रे पोरा," डोळे पुसत ती म्हणाली,
"उठलास ना."