टाकी कोरडी करून

नखाखाली हिरवं दिसलं
आणि मला आधी बाबांचे कूलर आठवले.

मे महिना. दुपारचे तीन. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत
कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीत पोट टेकून पडलेली.
मोनाली हेडाऊ खुर्चीत बसली
आणि उजवा अंगठा मुठीतच ठेवला.
रात्री बहिणीचं लग्न, मानेवाड्याला, हॉल घेतलेला.

"मागून थोडंसं उचललं होतं ताई,
मीच चिकटवलं घरी, फेविक्विकनं.
आता वरून गडद मरून मारून द्या,
काही दिसत नाही न त्यात."

मी दिवा जवळ ओढला.
ॲक्रिलिकच्या खाली, कडेला,
मुगाच्या सालीएवढा एक डाग.
दुखत नव्हतं म्हणे. दुखत नाहीच ते सुरुवातीला.

बाबा गांधीबागेत कूलर दुरुस्त करायचे.
ऑक्टोबरात लोक पत्र्याची पेटी तशीच झाकून टाकत,
आत चार बोटं पाणी, वरून जुनी चादर.
मार्चमध्ये उघडली की शेवाळ, वास, गंजलेला तळ.
"पाण्याची काही चूक नसते," बाबा म्हणायचे,
"कोंडणाऱ्याची असते.
पोट्टे, झाकण लावायच्या आधी
टाकीत हात फिरवून पाहत जाय.
बोट कोरडं आलं पाहिजे."

हात फिरवला होता का मी?

वीस दिवसांपूर्वी हीच खुर्ची, हीच मोनाली.
लाईट गेलेली, इन्व्हर्टर धापा टाकत होता,
बाहेर दोघी ताटकळत बसलेल्या.
नख घासलं, हे आठवते.
धूळ झटकली, हे आठवते.
ओल काढणारं ते पातळ औषध
दहाही नखांवर फिरलं का,
की अंगठ्याच्या वेळी फोन वाजला होता,
हे काही केल्या आठवत नाही.

"मरून नाही मारणार मी," म्हटलं.
"कायले?"
"काढावं लागते हे. आजच. बाकीचे नऊ
पक्के बसले आहेत, त्यांचं उद्यापरवा पाहू."
तिचे डोळे भरले. लग्न तिचं नव्हतं,
पण अंगठा तिचा होता,
आणि फोटोत तर सगळ्यांचेच हात येतात.

वरचा थर घासला, कापूस भिजवला, चांदीचा कागद गुंडाळला.
वीस मिनिटं. ओढून काढायचं नाही,
ओढलं की नखाचा पापुद्रा सोबत येतो.
पंख्याखाली आम्ही दोघी गप्प.
तिनं एकदाच विचारलं, "चुलीत टाकाल का मले?"
मला कळलंच नाही. मग ती हसली,
"आई म्हणेल न, नखं कशाला वाढवते,
धुणंभांडं करणारी पोट्टी तू."

थर सुटला. खाली तिचं स्वतःचं नख,
पातळ, थकलेलं, कडेला हिरवट.
पुसलं तर जाईना. जाणारच नव्हतं.
"डॉक्टरला दाखव. चामडीच्या डॉक्टरला, मेडिकलवाल्याला नाही.
पाण्यात हात घालशील तर हातमोजे घाल,
पण घामेजले की बदल.
आणि उघडं राहू दे. हवा लागू दे त्याला."
पैसे घेतले नाहीत.
चूक कबूल केली असंही नाही म्हणता येणार.

ती गेल्यावर तिची कानस
मोडून डब्यात टाकली. वीस रुपयांची.
लोखंडी पुशर आधी साबणानं घासला,
मग निळ्या पाण्यात बुडवला, घड्याळ लावून.
टेबल पुसलं. पुन्हा पुसलं.
बाहेर बसलेली बाई म्हणाली, "किती वेळ लावून राहिली वं?"
तिच्या दहाही नखांवर आधी हात फिरवला,
एकेक, कोरडं आहे का पाहत.
फोन दोनदा वाजला.

रात्री मोनालीच्या स्टेटसवर लग्न दिसलं.
नवरी मधोमध, अक्षता हवेत,
बाजूला ती, ताट धरून.
फोटो मोठा करून पाहिला.
डावीकडची पाच, उजवीकडची चार,
आणि अंगठा ताटाखाली गेलेला.

कोणी दुसरीनं संध्याकाळी
वरून मरून मारून दिलं का,
ते फोटोत दिसत नव्हतं.