खोडायचं कुठं

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटते तेव्हा
मी आमच्या भिशीचा एक्केचाळिसावा करार
टेस्ट नेटवर्कवर चढवत असते.
इथली नाणी फुकट. पत्ता द्यायचा, नळाला पाणी यावं तशी येतात,
म्हणजे आमच्या अनगोळच्या नळाला नव्हे,
मागितल्याबरोबर.

एका संध्याकाळीत मी अठरा महिने संपवले.
कल्लाप्पा हुंदऱ्यांना तीनदा भिशी लागली,
इराण्णानं दोन हप्ते बुडवले, दंड भरला.
त्यांना यातलं काही माहीत नाही.
गल्लीत भेटले की मीच ओशाळते.

गुंडूमामा जुने पॅटर्नमेकर, वही त्यांच्याकडे.
"म्हणजे आधी वाळूत बघायचं, मग लोखंड ओतायचं."
हो मामा.
"ओतल्यावर?"
ओतल्यावर बदलत नाही.
"मग आकसायचं किती धरलीस गे?
लोखंड गार होताना आकसतंय.
साचा मापापेक्षा जरा मोठाच कापायचा, शेकड्याला एक."

त्यांनी वही उघडली.
हप्ते शाईत. नंबर मात्र पेन्सिलीत.
एका जागी रबरानं कागद पार पातळ झालेला:
कल्लाप्पांची बायको दवाखान्यात होती तेव्हा
शिवलीलाक्कानं आपला नंबर त्यांना दिला होता,
शेजारी तिची कन्नड सही.
"हे खोडायचं कुठं, तुझ्यात?"

त्या रात्री मी सतरा ओळी वाढवल्या.
फंक्शनचं नाव ठेवलं अदलाबदल.
दोघांनी हो म्हटलं तरच.

मग सेटिंगच्या फाईलमधली एकच ओळ.
टेस्टच्या जागी मेन.
कोगनोळी नाक्यावर फोन थरथरतो,
नेटवर्क बदलल्याचा मेसेज येतो,
आणि माणूस त्याच सीटवर, तोच डबा मांडीवर;
तेवढंच.
किल्ली दुसऱ्या फाईलमध्ये, ती देवालाही दाखवायची नाही.
साडेतीन वाजता गॅस उतरला. किलोभर कुंद्याचे पैसे गेले.
खरे.

सकाळी मामांनी पत्ता वहीत उतरवून घेतला,
बेचाळीस अक्षरं, पेन्सिलीनं,
एकेक मोठ्यानं म्हणत.
मग सभासदांची नावं ताडली आणि थांबले.
शिवलीलातली दुसरी वेलांटी मी ऱ्हस्व काढलेली.
आता ती तशीच राहणार,
आम्ही सगळे गेल्यावरही.

सांगायला तिच्या दारात गेले. ती पापड वाळत घालत होती.
"इरली बिडू," म्हणाली,
"रेशन कार्डावर तर माझं नावच दुसरं आहे."