आसूढाळ

मी हर्णै बंदरात होड्या रंगवतो.
निळा, पिवळा, नाळेवर लाल दोन रेघा,
मालकाच्या मुलीचं नाव, खाली नंबर.
ही गोष्ट मला माझ्या वस्तादाकडून मिळाली,
त्याला त्याच्या. फळी मात्र खरी आहे,
तिच्यावर मी डबे ठेवतो.

सटवाजी जिनगर. राज्य राणीचं.
बाप दापोलीच्या कॅम्पात खोगिरं शिवायचा.
पोरानं अक्षरं गिरवायच्या आधी
घोड्याची पाठ हातानं वाचली :
कुठे सोलली, कुठे घाम मुरतो,
माशी बसली की कातडं कुठून कुठवर थरथरतं.
मग चुन्याच्या भिंतीवर कोळशानं तेच.

कप्तान थॉर्नबीनं, तबेल्यात त्याला ठाणबी म्हणत,
शिशाच्या नळ्यांतले तेलरंग दिले,
विलायतेची चित्रं दाखवली.
तिथली घोडी मखमली, डोळ्यांत माणसाची माया,
कुत्री तर जणू आत्ताच चर्चमधून आलेली.
"असं काढ."
सटवाजी म्हणाला, "यांना वास येत नाही, साहेब."

तरी धंदा चालला.
घोड्याला पाच रुपये, शिकारी कुत्र्याला दोन,
मडमेच्या काकाकुव्याला बारा आणे आणि एक जुनी छत्री.
मेलेल्या कुत्र्याचे तीन.
साहेबाला वाटे, मेलेलं हलत नाही, काम सोपं.
सटवाजीला त्या रात्री झोप नसे,
मेलेलं जनावर फार हलतं.
दाभोळ, जयगड, खाली रत्नागिरीपर्यंत
गलबतातून जायचा, रंगांची पेटी मांडीवर,
वाटभर ओकायचा.
समुद्र त्याला कधी मानवला नाही.

मग ती कुमैत घोडी.
कप्तान मायदेशी निघाला, घोडी विकायची होती.
घाटावरच्या एका सरदाराला
घोडीआधी तिचं चित्र पाठवलं.
कारभाऱ्यानं ते उजेडात धरलं.
डाव्या डोळ्याखाली, तांदळाच्या कणीएवढा, भोवरा.
आसूढाळ.
धन्याला रडवणारी. चित्र परत.

"हे कुणी काढायला सांगितलं होतं?"
हातात चाबूक.
"होता, म्हणून काढला."

माणसाच्या कपाळावर सटवाई लिहिते ते कुणाला दिसत नाही.
घोडीच्या तोंडावर तिनं उघड लिहून ठेवलं,
आणि ह्यानं त्याची नक्कल करून घाटावर धाडली.
घोडी टांग्याला गेली, कुंभार्लीच्या चढावर.
दुसऱ्या पावसाळ्यात खाली बसली ती उठली नाही.
एक ठिपका गाळला असता तर
सरदाराच्या पागेत हरभरा खात म्हातारी झाली असती.
हे सटवाजीनं आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही म्हणतात.
मग आम्हाला कसं कळलं, ते मला माहीत नाही.

कॅम्प ओस पडला. साहेब गेले, कुत्री गेली,
भिंतींवरच्या खिळ्यांखाली चौकोनी डाग राहिले.
सटवाजी उतार उतरून हर्णैला आला,
मुशीच्या तेलाच्या वासात, नाकाला फडकं बांधून,
होड्यांना रंग देऊ लागला.

पोशा चोगल्यानं नव्या मचव्यावर मगर मागितली.
ह्यानं घोडीचं तोंड काढलं. भोवऱ्यासकट.
आणि ह्या वेळी, कुणी न विचारता, अर्थही सांगितला.

पोशानं तोंडातलं पान थुंकलं.
"आसवं म्हंजे खारं पानीच ना?
मंग ऱ्हाऊ दे. त्यातच तर घालायची हाय तिला."

मचवा चौदा वर्षं चालला.

परवा डबा कलंडला, निळा ओघळ तिच्या मानेवर.
रॉकेलच्या बोळ्यानं पुसला,
थोडी मानही गेली.
डोळ्याखाली मी बोळा फिरवला नाही.