खुंटी नंबर अकरा

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं,
हळदीच्या गोदामाला लागून एक खोली आहे.
सकाळी नऊला उघडते, संध्याकाळी पाचला बंद.
बाहेर पाटी नाही.
पाटी लावली की माणसं बघायला येतात.

आत बारा खुंट्या. एकेकीला एक.
आधी नावं चिकटवली होती,
पण आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही,
म्हणून आकडे, आणि आकड्याखाली खूण:
कंगवा, बैल, कपबशी.
माझी अकरा. खाली कुणीतरी वांगं काढलंय.

पहिल्या दिवशी मी गाठोडं सोडेना.
स्टँडवर चार वर्षं तीच उशी होती,
मोरीत जातानासुद्धा काखेत.
सुगंधाबाई म्हणाली, "टांग की."
टांगलं.
मग हात कुठं ठेवायचे ते कळेना.
मांडीवर ठेवले, तर दुसऱ्याच कुणाचे वाटले.

इथं नवरा कुठाय असं कुणी विचारत नाही.
साबण कुठाय, एवढंच विचारतात.
बादल्या दोन, आम्ही बारा,
रोज भांडण.
जैबून आणि यल्लव्वाची जुंपली
की गोदामातले हमाल पोती टेकवून ऐकत उभे राहतात:
एकीच्या शिव्या कानडी, दुसरीच्या मिरजेकडच्या.
दमल्या की एकमेकींच्या उवा काढत बसतात.

दुपारी आम्ही झोपतो.
सांगितलं तर लोक हसतील, दिवसा झोपायला जागा!
पण रात्री स्टँडवर बाई झोपत नाही,
डोळे मिटून जागी असते.
इथं पायावरची चादर कुणी ओढली
तर ती नीट करायलाच.

फाल्गुनात गोदामं उपसतात.
खिडकीतून हळदीची धूळ येते,
चहावर, चादरीवर, आमच्या केसांवर.
अनसाक्काला अठ्ठावीस वर्षं
कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं.
पिवळे तळवे बघून म्हणाली,
"बघ गं, न विचारता लागली,"
आणि हसली, तिचा एकुलता दात दिसेस्तोवर.

खुंटी सात तिची. खाली बैल.
होळीच्या आदल्या दिवसापासून ती आलेली नाही.
मिरजेच्या दवाखान्यात विचारलं, स्टेशनात विचारलं,
घाटावर तर दोनदा जाऊन आलो.
सुगंधाबाईनं चौकीत कागद दिला.
कागदावर पत्ता मागितला होता.
तिनं ह्या खोलीचा लिहिला.

परवा एक पोर आली.
कवठेमहांकाळकडची बोली, सातवा महिना,
पिशवी छातीशी धरलेली.
आम्ही सगळ्यांनी सात नंबरकडं बघितलं
आणि सगळ्यांनीच मान फिरवली.
नवा खिळा मारावा, तर मालकाची ताकीद:
भिंतीला हात लावाल तर खोली खाली करा.

यल्लव्वा उठली, बाहेर गेली,
आणि हमालाचा पोतं ओढायचा आकडा घेऊन आली.
खिडकीच्या गजाला अडकवला.
"भितीला कुटं हात लावला?"
जैबून म्हणाली, "आकड्याला आता आकडा दे."
म्हणून तेरा.
खाली काय काढू विचारलं तर पोर बोलेना.
ती जागा कोरीच ठेवलीय.

तिनं पिशवी टांगली.
मी तिच्या हातांकडं बघत होते.
पोटावर ठेवले, काढले,
परत ठेवले.

पाच वाजता सुगंधाबाईनं किल्ल्या वाजवल्या.
माझं गाठोडं मी आता काढत नाही.
स्टँडवर मोकळ्या हातांनी जाते.
सकाळी नऊला परत यायला
काहीतरी इथं टांगलेलं असावं लागतं.
अनसाक्काचंही टांगलेलं आहे.

पोरीनं पिशवी काढली, काखेत मारली.
कुणी काही बोललं नाही.
पहिले आठ दिवस सगळ्याच नेतात.