कुठे ठेवू?

विट्यात मायणी रोडला
टायरच्या दुकानाला लागून माझं सेवा केंद्र.
एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या,
त्यातली एक डुगडुगती.

सहा वर्षं हा ब्राउझर
मला काही न विचारता कागद खाली टाकत आला.
क्लिक केलं की कोपऱ्यात बाण हलायचा
आणि कुणाचा उतारा, कुणाचं पॅन,
एखाद्या पोराचं हॉल तिकीट
डाउनलोड्सच्या पोत्यात जाऊन पडायचं.
डॉक्युमेंट. डॉक्युमेंट कंसात एक.
डॉक्युमेंट कंसात दोनशे बारा.
नाव सगळ्यांचं एकच,
आडनाव तेवढं आकडा.

मागच्या सोमवारी चौदाच्या जागी एक्केचाळीस छापलं.
लेंगऱ्याचे भानुदास सुर्वे
दुसऱ्याच कुणाचा रहिवासी दाखला घेऊन
तहसीलला दीड तास उभे राहिले.
परत आले. भांडले नाहीत.
कागद काउंटरवर ठेवला, वर माझाच पेपरवेट ठेवला,
म्हणाले, "हे कोण हायत ते बघा. त्यांना लागंल."

त्या रात्री शटर अर्धं ओढून सेटिंग्ज उघडली.
इतकी वर्षं तिथंच होती,
तीन टिंबांच्या आड.
एक बटण: पीडीएफ आधी उघडून दाखव.
दुसरं: ठेवण्याआधी दर वेळी विचार.
दोन्ही सरकवली. निळी झाली.
चहा निवायच्या आत झालं सगळं.
मग पोतं उपसायला बसले.
तीन हजार एकशे सात कागद.
गेलेल्या माणसांचे हयातीचे दाखले त्यात,
ते पुसताना
बोट उगाच थांबत होतं.

बुधवारी सोजरबाई आली, देवकरांची.
"भावानं कोइमतूरहून काय तरी धाडलंय,
गलाईचं दुकान हाय त्याचं.
वकिलाची लिंक म्हनं. छापून दे, सही करायची हाय."

एरवी: क्लिक, बाण, प्रिंट, वीस रुपये,
मावशी, इथं आणि इथं.
आज पान पडद्यावर पसरलं.
हक्कसोडपत्र.
"राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय"
आणि त्यानंतर कुठंतरी तिचं नाव.

"वाच की," ती म्हणाली. खुर्ची डुगडुगली.
वाचत गेले. गट नंबर. क्षेत्र. चतुःसीमा.
पूर्वेस ओढा, म्हणाले
तसा तिनं हात वर केला.
"त्या वड्याच्या कडंला माझी बाभळ हाय.
मी लावलीया. लिवलीया का?"
नव्हती लिहिलेली.
"बरं. म्होरं."
पुढं मोबदला होता. निरंक.
निरंक म्हणजे काय, ते तिनं विचारलं नाही.
शेजारी हवा भरायचं मशीन
कितीतरी वेळ फुसफुसत राहिलं.

सवयीनं माझं बोट बाणावर गेलं
आणि चौकट उघडली, मधोमध.
"मावशी, विचारतोय, कुठे ठेवायचं?"
"कोन इचारतंय?"
मी पडद्याकडं बोट केलं.
ती हसली, पदर तोंडाला न लावता.
"ह्यो बरा हाय की मग.
आमच्यात कुनी इचारलं न्हाई आजवर."
मग जरा थांबून,
"आज नगं. कुटंच ठेवू नगं."

मी रद्द दाबलं.
तिनं दहाची नोट पुढं केली, वाचल्याबद्दल.
माझ्या दरपत्रकात प्रिंट आहे, स्कॅन आहे, लॅमिनेशन आहे.
वाचायचा दर नाही.
घेतली नाही म्हणून ती रागावली,
नोट पेपरवेटखाली सरकवून
उन्हात उतरली.
स्टँडकडं गेली की वकिलाकडं, बघितलं नाही.

रांगेतला पोरगा घड्याळ बघत म्हणाला,
"ताई, आधीचं बरं होतं.
पटकन व्हायचं."

व्हय, म्हटलं.
पटकन व्हायचं.