मनगटातली आठ हाडं

मंगळवार, गुरुवार, सहा ते नऊ.
बाहेर नेब्रास्काचा बर्फ,
आत फॉर्मॅलिन, आणि हावलिचेक सरांच्या
खोकल्याच्या गोळीचा वास.

माझ्या टेबलावर ओफेलिया तेलेस.
दिवसभर कत्तलखान्यात उभी,
पट्ट्यावरून येणारे गाईंचे खांदे सोडवत.

मेंढीचं हृदय ताटलीत आलं
तेव्हा मी पुस्तकात झडप शोधत होतो.
तिनं बोट घातलं, "हे बघ, दार,"
आणि सुरी अशी फिरवली
की मांसाला पत्ता लागला नसावा.

नावांचं मला ओझं.
दोनशे कार्डं, रबर बँड लावून खिशात.
तिला लॅटिन म्हणजे मावशी, जरा खाष्ट.
"लुनेट? लुना म्हणजे चंद्र.
मनगटात चंद्र ठेवलाय, आणि
कोणी सांगितलं नाही?"

मग सरांनी प्लॅस्टिकचा हात फिरवला.
आठ हाडं, वर एक पट्टा,
मधल्या बोळातून जाणारी पिवळी नस.
तिनं तो हात आपल्या हाताशेजारी ठेवला.
बराच वेळ.

"रात्री तीनला बोटं मरतात, ती हिच्यामुळं?"
सर गोळी चघळायचे थांबले.
"हिच्यामुळं."
"कंपनीची नर्स म्हणते, बर्फ लाव."
कोणी हसलं नाही.

"स्पेलिंग सांगा. सावकाश.
परीक्षेसाठी नको,
फॉर्मवर लिहायचंय."

सरांनी फळ्यावर एकेक अक्षर काढलं.
तिनं उतरवून घेतलं,
डाव्या हातानं,
पहिलीतल्या मुलीसारखं
मोठं, वाकडं,
ओळीच्या बाहेर जाणारं.